बालकांतील यकृत प्रत्यारोपणोत्तर पित्तनलिका विकार

यकृत प्रत्यारोपणानंतर नव्या यकृतातील पित्त आतड्यात पोहोचण्याच्या मार्गात येणारे अडथळे, गळती, खडे व जंतुसंसर्ग यांना मिळून ही संज्ञा वापरतात. मुलांमध्ये हे विकार बरेच आढळतात आणि कधीकधी शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही डोके वर काढतात. ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न यांनी 1970 च्या दशकात पित्तनलिकेचा जोड हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत दुबळा दुवा असल्याचे म्हटले होते. तंत्र पुष्कळ सुधारले, तरी बालरुग्णांच्या बाबतीत ते विधान अजून जुने झालेले नाही.

मूळ कारण रक्तपुरवठ्यात आहे. यकृताच्या पेशींना पोर्टल शीर (आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी शीर) व यकृत धमनी अशा दोन्हींकडून रक्त मिळते. पित्तनलिका मात्र जवळजवळ पूर्णपणे धमनीवर विसंबून असतात. लहान मुलाची ही धमनी जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची असते. तिच्यात गुठळी झाली की यकृताच्या पेशी काही काळ तग धरतात, पण नलिकांची भिंत मरू लागते. म्हणून पित्ताची कोणतीही तक्रार दिसली की आधी डॉप्लर सोनोग्राफीने धमनी वाहते आहे का, हे पाहावे लागते.

दुसरे कारण शरीररचनेचे. मुलांत प्रत्यारोपणाची वेळ सर्वाधिक वेळा जन्मजात पित्तनलिका बंद असण्याच्या आजारामुळे (बिलियरी अट्रेसिया) येते. अशा मुलाकडे जोडण्याजोगी स्वतःची नलिका नसते. त्यामुळे दात्याची नलिका लहान आतड्याच्या वेगळ्या केलेल्या वळशाला शिवतात. प्रौढ दात्याच्या यकृताचा डावा लहान भाग बसवला असेल, तर कापलेल्या कडेवर कधी एकाऐवजी दोन-तीन बारीक तोंडे निघतात आणि प्रत्येकाचा जोड भिंगातून पाहत, अतिशय बारीक धाग्याने घालावा लागतो. टाके संपल्यावर कापलेल्या पृष्ठभागावर पांढरा गॉज दाबून धरतात. त्यावर पिवळा डाग उमटला तर कुठेतरी पित्त झिरपते आहे.

गळती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. पोटातील ड्रेनमधून (साचलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतून) हिरवट-पिवळा द्रव येतो, ताप येतो, पोट फुगते. काही गळत्या ड्रेन ठेवून आपोआप बंद होतात; जोड उसवला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

नलिका अरुंद होण्याचे प्रकरण अधिक फसवे आहे. कावीळ उशिरा दिसते. त्याआधी खाज, अधूनमधून थंडी वाजून ताप, किंवा मूल ठणठणीत असताना केवळ रक्ततपासणीत जीजीटीचा (पित्तनलिकांना इजा झाल्यास वाढणाऱ्या एन्झाइमचा) वाढता आकडा एवढीच खूण असते. प्रत्यारोपित यकृतात आतल्या नलिका फुगलेल्या दिसतीलच असे नाही, त्यामुळे सोनोग्राफी सामान्य आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. शरीराकडून नवे यकृत नाकारले जात असतानाही रक्ततपासणी अशीच बिघडते. नाकारणेच गृहीत धरून त्यावरचे स्टिरॉइड सुरू करून वाट पाहण्यापेक्षा एमआरसीपी (पित्तनलिकांचे एमआरआय चित्रण) व गरजेप्रमाणे यकृताचा तुकडा तपासणे श्रेयस्कर. चुकीच्या दिशेने गेलेले आठवडे नलिकेला महागात पडतात.

उपचाराची वाट नेहमीची नसते. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेपर्यंत जाणे (ईआरसीपी) आतड्याच्या लांब वळशामुळे अवघड होते. म्हणून त्वचेतून सुई यकृतात घालून अडथळ्यापलीकडे तार नेतात, फुगा फुगवून जागा रुंद करतात आणि कॅथेटर काही महिने तसाच ठेवतात. ही प्रक्रिया सहसा अनेकदा करावी लागते. तेवढ्या काळात घरच्यांना कॅथेटर धुणे, पट्टी बदलणे आणि खेळत्या मुलापासून नळी सांभाळणे शिकावे लागते. फुगा अपुरा पडला तर जोड नव्याने घालतात.

धमनी बंद पडून यकृतातल्या नलिका ठिकठिकाणी आकसल्या असतील, तर मात्र फुग्याचा फारसा उपयोग होत नाही. वारंवार पित्तनलिकेचा दाह, पू साठणे आणि शेवटी पित्ताच्या तुंबण्याने होणारा सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणे) असा क्रम चालू राहतो, व अशा मुलांपैकी काहींना पुन्हा प्रत्यारोपण करावे लागते.