रातकिडे पाळायचं हे खूळ आलं कुठून
आमच्या लालबागच्या खोलीत गॅलरीत दोन टब आहेत रातकिड्यांचे, पाळलेल्या अरोवाना माशाला खायला घालायला. शेजारच्या काकू रोज विचारतात, "काय रे, हे किर्र किर्र बंद कधी होणार?" काकू, ओरडतात ते फक्त नर, पंखावर पंख घासून, मादीला बोलवायला, आता त्यांना गप्प कसं करू?

चीनमध्ये तांग राजवटीपासून लोक रातकिडे पिंजऱ्यात ठेवायचे, आवाज ऐकायला, पुढे झुंजी आणि पैजा पण आल्या. पण हजारोंनी पैदास करायचा धंदा म्हणाल तर तो वाढला अमेरिकेच्या दक्षिणेत, आणि तोही गळाला लावायला! लुइझियानातलं फ्लूकर फार्म १९५३ चं, सुरुवात आमिषापासूनच. सरडे, गेको (पालीसारखे प्राणी) पाळायची फॅशन नंतर आली, माल तयार होताच, तो तिकडे वळला. म्हणजे ज्या किड्याने मासे पकडायचे तोच मी माशाला चिमट्याने भरवतोय.

त्या फार्मवाल्यांनी धरला फिकट तपकिरी रातकिडा, अकेटा डोमेस्टिकस. गरीब स्वभावाचा, ३० डिग्रीला दीड-दोन महिन्यांत मोठा होणारा. पण सगळ्यांनी एकच जात धरली आणि तिथेच फसले. डेन्सोव्हायरस नावाच्या विषाणूचा रोग, युरोपात १९७७ मध्येच सापडलेला, तो २०१० च्या आसपास अमेरिकेत पसरला आणि फार्मच्या फार्म रिकामी झाली, काहींना तर कायमचं टाळं लागलं. मग लोक दुसऱ्या जातींकडे वळले, त्यातला एक पंखांवर दोन ठिपके असलेला काळा, जो आपल्याकडेही सापडतो आणि या रोगाने तसा मरत नाही. माझ्याकडे तोच आहे. आवाज जास्त आणि भांडकुदळ, काकूंचं नशीब.

तिकडच्या माहितीत हीटर लावा म्हणतात, मुंबईत तो खर्च वाचतो, आपला वैरी म्हणजे दमट हवा. श्रीखंडाच्या डब्यात ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवलं की मादी मागची सुई खुपसून अंडी घालते, दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं. पाणी वाटीत नाही द्यायचं, बुडतात, ओला कापूस ठेवायचा.

गेल्या जुलैत एका रात्रीत अख्खा टब मेला. मी आधी व्हायरसच म्हटलं. बघतो तर किड्यांना लपायला ठेवलेले कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ओलेचिंब, आत डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास, आणि झाकण मीच घट्ट लावलेलं, काकूंना आवाज जाऊ नये म्हणून.