‘सर भारी शिकवतात’ हे मोजायचं कशानं?

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या बुधवारी रात्री साडेदहाला ती आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. थर्मोडायनॅमिक्सच्या, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या, एका ऑनलाइन कोर्सची असाइनमेंट बारा वाजायच्या आत भरायची होती आणि व्हिडिओ पावणेदोन पट वेगानं पळत होता. तो संपला तशी ती म्हणाली, “मावशी, हे सर कसले भारी शिकवतात! सगळं डोक्यात बसलं.”

मी तिला लॅपटॉप मिटायला लावला, एक पाठकोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, कार्नो चक्र काढ, म्हणजे आदर्श उष्णता-इंजिनातला वायू चार टप्प्यांत कसा फुगतो आणि दाबला जातो त्याचं चित्र. पहिली रेघ झटकन आली, आयसोथर्मल (स्थिर तापमानाचं) प्रसरण. दुसरीही आली. तिसरीपाशी पेन अडलं. इथे उष्णता आत येते की बाहेर जाते, ते तिला सांगता येईना. पाचच मिनिटांपूर्वी हे चित्र पडद्यावर पूर्ण होताना तिनं पाहिलं होतं, मानही डोलावली होती.

भाची हुशार आहे आणि ते सरही खरोखर चांगले असतील. माझा आक्षेप ‘भारी शिकवतात’ या वाक्यावर आपण जो भार टाकतो त्याला आहे. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा गौरव आज बहुतेक ठिकाणी याच वाक्यावर होतो. मी स्वतः एकदा अशा निवड समितीत बसले आहे. आमच्यापुढच्या तक्त्यात तीन रकाने होते: व्हिडिओ किती, व्ह्यूज किती, विद्यार्थ्यांनी पाचपैकी किती गुण दिले. विद्यार्थी काय शिकले याचा रकानाच नव्हता. मी विचारलं, तेव्हा पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

समजल्यासारखं वाटणं आणि समजणं यांत किती अंतर असू शकतं, यावर अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी 2013 साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होता, तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते. (केशरी की काळा हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांतला एक बंद पडतो. काही पेशींत केशरीवाला चालू राहतो, काहींत काळावाला, म्हणून अंगावर ठिगळं दिसतात.) साधारण मिनिटभराचे दोन व्हिडिओ केले. बोलणारी व्यक्ती एकच, मजकूर शब्दन् शब्द तोच. एकात ती ताठ उभी राहून नजरेला नजर देत अस्खलित बोलते, दुसऱ्यात टेबलावर वाकून कागद बघत अडखळत वाचते. अस्खलित व्हिडिओ पाहिलेल्यांना वाटलं की यातला जवळजवळ निम्मा भाग आपल्याला आठवेल. प्रत्यक्षात आठवला सुमारे पाव. अडखळणारा व्हिडिओ पाहिलेल्यांनाही जवळपास तेवढाच आठवला, फक्त त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज बराच खरा निघाला. वक्तृत्वानं शिकणं वाढलं नाही, शिकल्याची खात्री तेवढी वाढली. फीडबॅक फॉर्ममध्ये उतरते ती ही खात्री.

मग शिकणं वाढतं कशानं? या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या विषयातल्या कुठल्याही सिद्धांताइतकं आवडतं. 2006 साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे विज्ञान-उतारे दिले. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं तीन वेळा वाचून एकदा न बघता आठवून लिहिला. तिसऱ्यानं वाचला एकदाच आणि तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा या तिघांना अनुक्रमे 83, 78 आणि 71 टक्के आठवत होतं. म्हणजे वाचणारे पुढे. एका आठवड्यानं परीक्षा घेतली, तर आकडे आले 40, 56 आणि 61. क्रम पूर्ण उलटला! आणि आपल्या लक्षात चांगलं राहील अशी खात्री सगळ्यात जास्त कोणाला होती? चार वेळा वाचणाऱ्यांना.

असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं 1992 साली मांडलं की प्रत्येक आठवणीला एक नव्हे, दोन ताकदी असतात. एक साठवणीची, म्हणजे ती गोष्ट इतर ज्ञानात किती घट्ट विणली गेली आहे. दुसरी उपसण्याची, म्हणजे या घडीला ती किती चटकन वर येते. उपसण्याची ताकद लवकर ओसरते, साठवणीची टिकून राहते. आता गंमत अशी की साठवणीत किती भर पडेल ते त्या क्षणी उपसण्याची ताकद किती आहे यावर ठरतं, आणि तेही उलट्या प्रमाणात. गोष्ट ओठांवर असताना पुन्हा वाचली तर भर जवळजवळ शून्य. ती निसटत चालली असताना धडपडून बाहेर काढली, तर भर मोठी. व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहताना उपसण्याची ताकद शिगेला असते, म्हणून सगळं ओळखीचं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच साठवण वाढत नाही. मात्र गोष्ट पूर्ण निसटल्यावर विचारलं आणि बरोबर उत्तरही नंतर दाखवलं नाही, तर हाती काहीच लागत नाही. म्हणून मधलं अंतर साधणं आलं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली, इंटरनेटवरूनच, 1,350 हून अधिक लोकांवर हे अंतर मोजलं. उजळणीनंतर परीक्षा आठवड्यानं असेल तर पहिल्या अभ्यासानंतर एका दिवसानं केलेली उजळणी सर्वांत फळली, 35 दिवसांनी असेल तर 11 दिवसांनी, 70 दिवसांनी असेल तर 21 दिवसांनी. म्हणजे परीक्षा लांब तशी उजळणीही लांब, पण त्याच पटीत नाही: 350 दिवसांच्या परीक्षेलाही त्यांनी तपासलेल्या अंतरांपैकी 21 दिवसच सरस ठरले.

याला घोकंपट्टी म्हणून झटकू नये. घोकणं म्हणजे पुस्तक समोर ठेवून तेच ते म्हणणं. आमची आजी दिवेलागणीला परवचा म्हणून घ्यायची तेव्हा पाढ्यांचं पुस्तक मिटलेलं असायचं आणि एकोणतीसच्या पाढ्यात अडखळलो की ती लगेच सांगत नसे, थोडं थांबायची. ते थांबणं फार मोलाचं होतं.

शिकणं वाढवण्याच्या नावाखाली काय विकलं जातं, तेही इथे स्पष्ट सांगायला हवं. बोटांचे ठसे घेऊन ‘तुमचं मूल दृश्य पद्धतीनं शिकणारं आहे की श्राव्य’ असा रंगीत अहवाल देणाऱ्या चाचण्या आपल्याकडे शहरोशहरी विकल्या जातात. पालक त्यांना हजारो रुपये मोजतात. ठशांवरून बुद्धीचा कल कळतो याला काडीचा आधार नाही. आणि मुलाला ‘त्याच्या शैलीत’ शिकवलं तर ते जास्त शिकतं या कल्पनेलाही पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली सगळं संशोधन चाळून काढला होता. तेच पैसे मुलाच्या पुस्तकांना घाला.

परत ऑनलाइनकडे. 2013 साली हार्वर्डमध्ये कार्ल स्पुनर, नोव्हाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी संख्याशास्त्राचं 21 मिनिटांचं एक ऑनलाइन व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. काहींना प्रत्येक तुकड्यानंतर त्यावर छोटी चाचणी दिली, काहींना तोच मजकूर उत्तरांसह पुन्हा वाचायला दिला. मध्येच विचारलं, आत्ता मन कुठे आहे? चाचणी नसलेल्यांचं मन सुमारे 40 टक्के वेळा भलतीकडे होतं, चाचणीवाल्यांचं 19 टक्के. चाचणीवाल्यांनी टिपणंही जास्त काढली आणि शेवटच्या तुकड्यावरचे त्यांचे गुणही चांगले आले. व्हिडिओ तोच, वक्ता तोच. फरक पडला तो मधल्या दोन-दोन मिनिटांनी.

याउलट ‘व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा’ हा नियम प्रशिक्षण कार्यशाळांत मंत्रासारखा सांगतात. तो आला 2014 सालच्या एका अभ्यासातून. त्यात एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधले 69 लाख वेळा पाहिले गेलेले व्हिडिओ तपासले होते. पण त्यात मोजलं होतं लोक किती वेळ पाहतात ते. किती शिकतात ते नव्हे.

निव्वळ उत्तीर्णांचा आकडाही फसवा असतो. अनंत अगरवाल यांनी 2012 साली एमआयटीतून शिकवलेल्या सर्किट्सच्या पहिल्या खुल्या कोर्सला 1,54,763 जणांनी नाव घातलं आणि प्रमाणपत्र मिळालं 7,157 जणांना. पाच टक्क्यांहून कमी. पण पहिल्या गृहपाठात निदान एक गुण मिळवणारे होते 26,349. त्यांच्यातले चौथ्या हिश्शाहून जास्त लोक शेवटपर्यंत पोचले. छेद कोणता धरता यावर शिक्षक नापास किंवा नामवंत ठरतो.

विद्यार्थी शिक्षकांना जे गुण देतात, तेही निर्मळ नसतात. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन वर्गात दोन शिक्षकांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, एकेका गटाला स्वतःच्या नावानं आणि एकेकाला दुसऱ्याच्या नावानं शिकवलं. गृहपाठ सगळ्यांना एकाच वेळी तपासून परत दिले. तरी तत्परतेसाठी पुरुषाच्या नावाला पाचपैकी 4.35 गुण मिळाले, स्त्रीच्या नावाला 3.55. वर्ग लहान होता, 43 जणांचा, म्हणून यावरून फार मोठं विधान करायला नको. पण वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होते.

सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा वर्गातला आहे. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक चिठ्ठी काढल्यासारखे वाटून दिले जातात आणि एका विषयाची परीक्षा सगळ्यांना एकच असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण तपासून 2010 साली दाखवलं की ज्या प्राध्यापकांचे विद्यार्थी त्या विषयात जास्त गुण मिळवत, त्यांना विद्यार्थ्यांकडून दादही जास्त मिळे. पुढच्या, त्याच विषयावर उभ्या असलेल्या कोर्समध्ये मात्र तेच विद्यार्थी सरासरीनं मागे पडत.

म्हणून मला वाटतं, उत्कृष्ट ऑनलाइन शिक्षक ओळखायचा तर पुढच्या कोर्समध्ये डोकवायला हवं. थर्मोडायनॅमिक्स कोणी चांगलं शिकवलं ते त्यावर उभ्या असलेल्या हीट ट्रान्सफर या पुढच्या विषयाच्या मार्कांत दिसेल, मात्र विद्यार्थ्यांचे आधीचे गुण हिशेबात धरूनच. आपल्याकडे हे आता शक्य आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2021 च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात. त्यावरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या पुढाकारानं चालणाऱ्या, कोर्समध्ये असाइनमेंटचे 25 आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75 टक्के धरतात. अशा कोर्सचे क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, घेतले की तोच विद्यार्थी, त्याचे ऑनलाइन गुण आणि कॉलेजमधले पुढचे गुण एकाच गुणपत्रकाच्या वाटेवर येतात. शिवाय कोणी कुठे व्हिडिओ थांबवला, कोणत्या चुकीच्या पर्यायावर बोट ठेवलं, हे ऑनलाइन वर्गात नोंदलेलं असतं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला हे कधीच मिळालं नव्हतं. तिसऱ्या आठवड्याचा प्रश्न सहाव्या आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये मुद्दाम घालणारा, चुकीचा पर्याय का चुकला ते एका ओळीत सांगणारा प्राध्यापक या नोंदींत लख्ख दिसतो. व्ह्यूजच्या रकान्यात तो दिसत नाही.

भाचीला त्या रात्री मी उत्तर सांगितलं नाही. वायू दाबताना आपण त्याच्यावर कार्य करतो, तापमान तर स्थिर आहे, म्हणजे आतली ऊर्जा बदलत नाही, इथपर्यंत ती आपली आपण आली. मग म्हणाली, “म्हणजे उष्णता बाहेरच गेली पाहिजे ना?” या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली. असाइनमेंट बाराला पाच कमी असताना गेली. तिची परीक्षा साधारण दीड महिन्यावर आहे, म्हणून मी कॅलेंडरवर अकराव्या दिवसाला खूण करून ठेवली आहे. त्या दिवशी ती जेवायला आली की कोरा कागद पुन्हा पुढे ठेवेन.