कामाचा ताण आणि कामाची वेळ: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

ऑफिसमधल्या ताणाचा विषय निघाला की सल्ले ठरलेले असतात. पहाटे उठा, प्राणायाम करा, मन खंबीर ठेवा. कंपन्याही अधूनमधून योगशिबिर ठेवतात, एखाद्या समुपदेशकाला बोलावतात. त्यात गैर काही नाही. पण आपल्याकडे सुरुवातीच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला गेला तो कामगारांच्या मनाबद्दल नव्हे, कामाच्या वेळेबद्दल. आणि तो मांडला गेला मुंबईत, परळला.

1881 च्या फॅक्टरी कायद्याने फक्त लहान मुलांच्या कामाचे तास बांधले होते. मोठ्यांसाठी मर्यादाच नव्हती. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी थक्क व्हायला होते: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. काम नेमके कधी संपणार आणि पैसे नेमके कधी हातात पडणार, हे माणसाला आधी माहीत असावे, असा या मागण्यांचा गाभा होता. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. त्याआधी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरलेल्या सभेला हजारो कामगार आले होते आणि त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या होत्या.

सूर्यास्ताची मर्यादा मात्र टिकणारी नव्हती. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि 1905 च्या तेजीत काही ठिकाणी पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. ओरड झाली, चौकश्या झाल्या, आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला 12 तासांची हद्द घातली. पुढे 1922 मध्ये आठवड्याला 60 तास, 1934 मध्ये 54, 1946 मध्ये 48. 1948 चा कारखाने कायदाही त्याच 48 वर उभा होता.

‘ताण’ हा शास्त्राचा विषय झाला तो या सगळ्यानंतर. 1936 मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. इजा, थंडी, अतिश्रम, कारण काहीही असो, शरीरात होणारे बदल सारखेच दिसत होते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी सुजायच्या, पोटात व्रण पडायचे. शरीर आधी खडबडून जागे होते, मग तग धरते, आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकून कोसळते, असे त्यांचे मांडणे होते.

तरीही साठच्या दशकापर्यंत समज असा की ताण ही मोठ्या साहेबांची व्याधी, निर्णयांचे ओझे त्यांच्यावर म्हणून हृदयविकारही त्यांनाच. हा समज लंडनच्या सरकारी कचेऱ्यांनी मोडून काढला. 1967 पासून सुमारे 18 हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना दिसले ते उलटेच. दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतले मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळपास तिप्पट होते. सिगारेट, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही बराच फरक उरत होता. ही माणसे उपाशी नव्हती, बेकार नव्हती. कायम नोकरीतली होती. 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही आल्या आणि त्यातून एक कारण ठळकपणे पुढे आले: स्वतःच्या कामावर ताबा नसणे. अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये हेच सूत्र मांडले होते. कामाचा रेटा जास्त आणि ते कसे, कधी करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शोध वाटतो, कारण त्याने बोट माणसाच्या स्वभावाकडून कामाच्या रचनेकडे वळवले.

जपानने तर कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ हे नावच दिले, 2014 मध्ये तो रोखण्यासाठी कायदा केला आणि 2019 पासून ओव्हरटाइमला महिन्याला 45 तासांची साधारण मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये सांगितले की आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त असतो. ब्रिटनमध्ये 2004 पासून मालकांना दिलेल्या निकषांत कामाचा बोजा, कामावरचा ताबा, वरिष्ठांचा आधार, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे राबवले जातात, अशा गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत. यातली एकही गोष्ट कर्मचाऱ्याला पहाटे उठून एकट्याने सुधारता येत नाही.

आता सूर्यास्ताची जागा मोबाइलने घेतली आहे. रात्री साडेदहाला ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो, ‘उद्या सकाळी बघूया’ एवढाच, आणि घरातला माणूस जेवणाच्या ताटावरून उठून लॅपटॉप उघडतो. हे तास कुठल्याही हजेरीपटावर येत नाहीत. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. त्याच धर्तीचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झालेला नाही.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतलेला निर्णय याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. कारखान्यांत दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास, दुकाने-कार्यालयांत 9 वरून 10, आणि तिमाही ओव्हरटाइम कारखान्यांत 115 वरून 144 तास करण्याचे ठरले. आठवड्याचे 48 तास कायम आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक, असे सरकारचे म्हणणे आहे. आता ती संमती नाकारणाऱ्या कामगाराच्या नोकरीला संरक्षण काय, हे नियमांत स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.