पंचेचाळीस हजार कुणाचे? पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट

पावसाळा सरता सरता तासगावहून दाजींचा फोन आला. भाच्याला पाच दिवस ताप होता, तपासणीत डेंग्यू निघाला होता. “पांढऱ्या पेशी पंचेचाळीस हजारावर आल्यात. मिरजेला हलवू का?”

मिरजेत लॅबमध्ये रोज सूक्ष्मदर्शकावर बसणारा माणूस मी, तरी क्षणभर दचकलो. पांढऱ्या पेशी खरोखरच ४५,००० असत्या तर त्या कमी नव्हे, चौपट झाल्या असत्या आणि डेंग्यू बाजूला ठेवून भलत्याच आजाराचा विचार करावा लागला असता. म्हटलं, “दाजी, आधी रिपोर्टचा फोटो टाका.”

फोटोत डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, होत्या २,८०० आणि प्लेटलेट ४५,०००.

आमच्या सांगलीकडं ताप आला की “पेशी किती?” हा पहिला प्रश्न असतो आणि त्या पेशी म्हणजे पांढऱ्या पेशी, असं सगळे धरूनच चालतात. विचारायच्या असतात प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हटलंय, पण तो शब्द दहावीनंतर कुणाच्या तोंडात राहत नाही. लाल नाहीत ना, मग पांढऱ्या, असा सरळ हिशेब. लोक अगदीच चुकतात असंही नाही. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाला लाल थर बसतो, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोन्हींच्या मधे सायीसारखा एक पातळ, पांढुरका पापुद्रा दिसतो. त्या पापुद्र्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही एकत्र असतात. पण काचेवर रक्ताचा थर ओढून, रंग देऊन भिंगाखाली धरला की दोघांचा काही संबंध आहे असंही वाटत नाही.

पांढरी पेशी तिथं ऐसपैस दिसते. लाल पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग गुणिले सात-आठ. न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी तिच्या जवळपास दुप्पट भरते. तिच्या पोटात जांभळं केंद्रक असतं आणि तेही गोल नाही, तर बारीक धाग्यानं जोडलेल्या तीन-चार मण्यांसारखं. हा आकार उगाच नाही. न्यूट्रोफिलचं काम रक्तात चालत नाही, रक्ताबाहेर चालतं. काटा रुतून पिकलेल्या बोटात जंतू असतात ते मांसात, आणि तिथं जायला तिला रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडावं लागतं. केंद्रक हा पेशीतला सगळ्यात ताठर भाग. तो एकसंध गोळा असता तर फटीतच अडकला असता. मण्यांची माळ मात्र एकेक मणी करून निघून जाते. पलीकडं गेल्यावर ती जंतू गिळते आणि बहुतेक वेळा तिथंच मरते. गळवातला पू म्हणजे मुख्यतः हीच मेलेली फौज.

पांढऱ्या पेशी हे एक घराणं आहे, एक माणूस नव्हे. लिम्फोसाइटचं केंद्रक गोल आणि जवळजवळ पेशीभर असतं; तिच्यातल्या काही अँटिबॉडी बनवतात, काही विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारतात. जंत झाले किंवा ॲलर्जी उठली की नारिंगी दाण्यांची इओसिनोफिल वाढते. मोनोसाइट रक्तातून मांसात उतरते आणि तिथं झाडलोट करणारी मोठी भक्षक पेशी बनते. बेसोफिल इतकी विरळ की दिवसभरात एखादी दिसली तरी शेजारच्याला दाखवावीशी वाटते.

प्लेटलेट मात्र दोन-तीन मायक्रोमीटरचा जांभळट ठिपका. तिला केंद्रकच नाही. खरं तर ती पूर्ण पेशीसुद्धा नाही, पेशीचा तुकडा आहे. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, लाल पेशीच्या दहापट रुंद. सोऱ्यातून शेव पडावी तसे त्या आपल्या अंगाचे लांब धागे मज्जेतल्या रक्तवाहिनीत सोडतात आणि वाहत्या रक्तानं त्या धाग्यांचे तुकडे पडतात. त्या तुकड्यांच्या प्लेटलेट होतात. एका मेगाकॅरिओसाइटपासून हजारावर प्लेटलेट निघतात आणि सात ते दहा दिवस जगतात. १८८२ साली इटलीतल्या तुरीनमध्ये जुलियो बिझोझेरोनं या तुकड्यांचं रक्त थांबवण्यातलं काम नीट ओळखलं.

इतक्या छोट्या तुकड्यानं करायचं काय? गस्त घालायची आणि भगदाड दिसलं की चिकटायचं. शांत असते तोवर ती गुळगुळीत चकती असते आणि भिंतीच्या कडेकडेनं वाहते. भिंत फाटली, आतलं कोलॅजन नावाचं तंतुमय प्रथिन उघडं पडलं की तिला काटे फुटतात, ती पसरते, शेजारणींना धरते. पुराच्या वेळी कृष्णाकाठच्या माणसानं वाळूची पोती रचताना पाहिलेली असतात. प्लेटलेट ती पोती आणि वरून पडणारं फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाचं जाळं म्हणजे त्यांना बांधून ठेवणारी दोरी. पोतं लहान, सुटं आणि हजारोंनी लागतं. म्हणून पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरमध्ये ४,००० ते ११,००० पुरतात, प्लेटलेट मात्र दीड ते साडेचार लाख लागतात. पंचेचाळीस हजार हा एकीचा अतिरेक आणि दुसरीचा दुष्काळ, तो यामुळं.

भिंगाखाली अंदाज काढायची आमची जुनी रीत आहे: तेल घालून मोठ्या भिंगानं बघायचं, एका फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळात, सरासरी किती प्लेटलेट दिसतात ते मोजायचं आणि साधारण १५,००० नं गुणायचं. भाच्याच्या काचेवर तीनच दिसल्या असत्या. ही रीत अजून का जपायची, तर मशीनही या दोघांत फसतं. काही जणांच्या रक्तात जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळं प्लेटलेटचे गठ्ठे होतात. मशीन गठ्ठा मोजत नाही, म्हणून प्लेटलेट खोट्याच कमी येतात. आणि कधी तोच गठ्ठा पांढरी पेशी समजून मोजतं! अशा वेळी निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं.

डेंग्यूत दोन्ही उतरतात आणि गोंधळ तिथंच पक्का होतो. विषाणू मज्जेचं काम मंदावतो, म्हणून पांढऱ्या पेशी बहुधा आधी कमी होतात. प्लेटलेट त्यानंतर घसरतात, कारण त्या बनतात कमी आणि नष्टही जास्त होतात. ताप उतरतो तोच काळ जोखमीचा, आणि तेव्हा खरी भीती रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरण्याची. म्हणून डॉक्टर प्लेटलेटइतकंच हिमॅटोक्रिटकडं, म्हणजे प्लाझ्मा पाझरला की वाढणाऱ्या लाल पेशींच्या प्रमाणाकडं बघतात. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, मलूलपणा यातलं काहीही दिसलं तर आकडा विचारत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. ॲस्पिरिन तर घ्यायचीच नाही. एका गोळीनं प्लेटलेट उरलेल्या आयुष्यभर पांगळी होते.

दाजींना एवढंच सांगितलं की रक्तस्राव नसेल तर ४५,००० वर सहसा प्लेटलेटची पिशवी चढवत नाहीत. तो विचार साधारण १०,००० च्या खाली होतो. आणि ब्लड बँकेत “पांढऱ्या पेशी द्या” म्हणू नका. पांढऱ्या पेशी अगदी अपवादानंच चढवतात. उलट पिशवीतून त्या गाळून काढतात, कारण दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींमुळं रुग्णाला ताप भरू शकतो. प्लेटलेटची पिशवी वेगळीच असते. ती फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवतात आणि पाच दिवसांत वापरतात.

भाचा तासगावातच सलाइनवर राहिला. आठव्या दिवशी प्लेटलेट एक लाख दहा हजार. मज्जेतल्या त्या अवाढव्य पेशी कामाला लागल्या होत्या, पण श्रेय गेलं कडेगावहून ड्रॅगन फ्रूटची पेटी घेऊन आलेल्या मावसभावाला. तो अजून सांगतो, “पांढऱ्या पेशी माझ्या पेटीनं वाढवल्या.”