गोंग गेडे आणि गोंग कब्यार: बालीच्या दोन गामेलानांतला फरक

गामेलान म्हणजे इंडोनेशियातला, मुख्यतः काशाच्या वाद्यांचा वृंद. बालीचं गामेलान म्हणून आपल्याला जे सहसा ऐकायला मिळतं, ते गोंग कब्यार असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही शतकानुशतकांची देवळातली परंपरा. प्रत्यक्षात कब्यार उत्तर बालीतल्या बुलेलेंग भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उदयाला आलं. १९१५ साली जागारागा गावी त्याची जाहीर स्पर्धा झाली होती. दरबारात आणि देवळात वाजणारा जुना, भव्य वाद्यवृंद तो गोंग गेडे.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हींत काशाची वाद्यं, तीच पाच स्वरांची पेलोग जुळणी, आणि आवर्तन पुरं झाल्याचं सांगणारी मोठी घंटा. शिवाय लेलाम्बातान या देवळातल्या संथ रचना आता कब्यारच्या वाद्यांवरही वाजतात. म्हणून नुसत्या रचनेवरून ठरवू नका, वाद्यं बघा. गांसा या हातोडीने वाजवायच्या, धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याला गोंग गेडेत पाच पट्ट्या असतात, कब्यारमध्ये दहा. गोंग गेडेत ढोल काठीने वाजतो. कब्यारमध्ये बरेचदा नुसत्या हातांनी.

दहा पट्ट्या आल्या आणि वादकांचे हात मोकळे सुटले. कोतेकानमध्ये, म्हणजे दोघांनी एकमेकांत गुंफून वाजवलेल्या सुरावटीत, एक जण ‘पोलोस’ वाजवतो, दुसरा ‘सांगसिह’. एकाच्या आघातांमधल्या फटी दुसरा भरतो आणि कानाला एकच सलग, अशक्य वेगाची सुरावट ऐकू येते. उजव्या हातातली हातोडी पुढच्या पट्टीवर पडते त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं मागची पट्टी चिमटीत धरून तिचा नाद थांबवतात. ही चिमूट जराशी उशिरा पडली तरी सगळी वीण विस्कटते. माझ्या मते कब्यारचं खरं कसब वेगापेक्षा या डाव्या हातात आहे.

गोंग गेडे मागे का पडलं, याचं उत्तर इतिहासात आहे. १९०६ आणि १९०८ मध्ये डचांनी दक्षिण बालीतली राज्यं संपवली, दरबारांचा आश्रय आटला. पुढे गावोगावच्या मंडळांनी कित्येक जुने संच वितळवून त्याच काशातून कब्यारच्या पट्ट्या ओतून घेतल्या. बातूरच्या उलुन दानू मंदिरात मात्र गोंग गेडे आजही वाजतं. ते ऐकायला बसलात तर घाई करू नका: घंटा फार वेळाने पडते, आणि सगळी रचना तिच्याच दिशेने सरकत असते.