जुना रंग घासून काढला की शाळा सुरक्षित? उलट आहे

मे महिन्याच्या सुट्टीत गिरगाव, दादर, परळच्या जुन्या शाळांत रंगकाम निघतं आणि पालक आग्रहाने सांगतात, "जुना रंग पार घासून काढा, मग काळजी नाही." खरी काळजी तिथूनच सुरू होते, कारण जुन्या रंगात शिसं हा विषारी धातू असू शकतो.

शिसंयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, म्हणून शिसं संपलंच असं अनेक जण धरून चालतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर मात्र ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-केशरी छटांत, शिसं असू शकतं. खिडक्यांचे गज, दारं, बाकं, सगळीकडे.

धड थर फारसा अपाय करत नाही. त्यावर कोरडा पॉलिश पेपर फिरला की पिठासारखी धूळ उडते, बाकाच्या फटीत बसते आणि मुलांच्या बोटांवरून डब्यातल्या पोळीवर जाते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. त्याने मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

म्हणून थर घट्ट असेल तर न घासता वरूनच नवा रंग द्या. पोपडे सुटलेत तिथे खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारून वॉटर पेपरनेच घासायला सांगा. रंगाऱ्यांना एन-९५ मास्क द्याच. ती धूळ दिवसभर त्यांच्या छातीत जाते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, हे फार वाईट आहे. नंतर झाडू नको, ओलं फडकं. नवा डबा घेताना शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख वाचून घ्या.