पहिला वसंत कडेवरून

कुत्र्याचं आठ आठवड्यांचं पिल्लू दाराच्या फटीला नाक लावून बसतं. बाहेर कोवळं ऊन, गवताला फुटलेली नवी पाती आणि त्याने कधीच न हुंगलेले वास. "सगळ्या लसी होईपर्यंत याला घराबाहेर काढायचं नाही," असं कुणीतरी बजावलेलं असतं. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण तो अर्धाच बरोबर आहे.

बरोबर अर्धा आधी पाहू. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरात पिल्लू आईचा चीक पितं आणि तिची तयार प्रतिपिंडं त्याच्या रक्तात उतरतात. गर्भात असताना ती फारशी मिळालेली नसतात. हे उसनं संरक्षण साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्म्यावर येतं. गोम पुढेच आहे. एक टप्पा असा येतो की उरलेली प्रतिपिंडं खऱ्या विषाणूला थोपवायला अपुरी पडतात, पण लशीतल्या विषाणूला निकामी करायला मात्र पुरतात. लस टोचली जाते, पण लागू पडत नाही. हा टप्पा एखाद्या पिल्लात सहाव्या आठवड्यात येतो, एखाद्यात बाराव्या. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत जातात आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात. मधली एखादी मात्रा चुकवू नये, ती याचसाठी.

या काळात सर्वांत जास्त भीती पार्व्होची. हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत मिसळतो आणि तिथे कित्येक महिने टिकून राहतो. आपल्या चपलांना चिकटून घरातही येतो. आतड्याच्या अस्तरातल्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तो घाला घालतो, म्हणूनच उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात.

आता सल्ल्यातला चुकलेला अर्धा. १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि इलियट या तीन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्लं त्यांनी उंच कुंपणाच्या मैदानात, माणसापासून दूर वाढवली. वेगवेगळ्या वयात एकेका गटाला आठवडाभर माणसांत आणलं. काही पिल्लं मात्र चौदा आठवड्यांची होईपर्यंत माणसांत आलीच नाहीत. ती पुढे रानटी जनावरासारखी माणसाला बिचकत राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू 'हे जग असंच असतं' अशी नोंद करत असतो. नंतर ती खिडकी बंद होऊ लागते आणि अनोळखी गोष्ट आधी धोक्याची वाटते.

म्हणजे लसीकरण पूर्ण व्हायच्या आतच खिडकी मिटायला लागते. सोळा आठवडे चार भिंतींत ठेवलेलं पिल्लू पार्व्होपासून वाचेल, पण छत्री, सायकल, रडणारं मूल, सगळ्यांना घाबरणारा कुत्रा होऊ शकेल. आणि घाबरलेला कुत्रा चावतो. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर या संस्थेने २००८ मध्ये स्पष्टच म्हटलं की पहिली लस आणि जंताचं औषध देऊन सात दिवस झाले की सात-आठ आठवड्यांची पिल्लं स्वच्छ जागेत भरणाऱ्या, माणसांची आणि इतर कुत्र्यांची सवय लावणाऱ्या वर्गांना नेता येतात.

मग रस्ता कोणता? कडेवरून. पिल्लाला उचलून बाहेर न्या. धोका मुख्यतः जमिनीवर आहे, हवेत पाहण्या-ऐकण्यात नाही. पाच-दहा मिनिटं बाकावर बसून वाहनं, माणसं, पक्षी दाखवा. जमिनीवर सोडायचं तर अनोळखी कुत्री येत नाहीत असं स्वतःचं अंगण, किंवा पूर्ण लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याचं घर. कुत्र्यांच्या गर्दीची बाग सध्या नकोच.

मात्र नुसतं दाखवणं पुरत नाही, अनुभव गोड व्हायला हवा. शेपूट पोटाशी गेली, सारखे ओठ चाटू लागलं, झोप नसताना जांभया देऊ लागलं की पिल्लू भेदरलंय. आवडता खाऊसुद्धा नाकारला, तर लगेच लांब जा. धीट होईल म्हणून त्याला जवळ ओढू नका, कळकळीने सांगते. त्याने भीतीच घट्ट होते.

वसंताची स्वतःचीही जोखीम आहे. ऊब वाढली की गोचीड जागी होते. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. ती पात्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून थांबते आणि त्या पायांवरच्या इंद्रियाने जनावराचा श्वास आणि ऊब ओळखते. फिरून आल्यावर कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, जाळू नका. गोचिडीचं औषध पिल्लाचं वय आणि वजन सांगूनच घ्या.

बागेत डॅफोडिल आणि ट्युलिपचे कंद विषारी असतात. लिली ऑफ द व्हॅली तर हृदयावर परिणाम करते. हाडांच्या चुऱ्याच्या खताचा वास पिल्लाला मोह पाडतो, आणि गोगलगायी मारायला टाकलेलं मेटाल्डिहाइड हे विष जिवावर बेतू शकतं. मधमाशी तोंडात किंवा घशात डसली, तर सूज श्वास अडवू शकते. थांबून वाट पाहू नका. उलट्या, पातळ किंवा रक्ताळ शी, खाण्याकडे पाठ आणि मलूलपणा यांतलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना फोन करा. लसीचं कार्ड हाताशी ठेवा आणि पार्व्होची शंका असल्याचं आधीच सांगा, म्हणजे तुमचं पिल्लू दवाखान्यातल्या इतर पिल्लांपासून वेगळं ठेवता येईल.